जुनी आउटबोर्ड मोटर: वरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन ११५, खालच्याचं ८५. इंजिन उघडावंच लागेल का?

वल्हेकरी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २५ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटर, आहे. वय पस्तिशीच्या पुढचं. गेल्या मोसमापर्यंत दोन माणसं आणि सामान घेऊन होडी झटकन पाण्यावर चढून सपाट धावायची. आता दोघं बसलो की नाक वर उचलते आणि तिथेच अडते. नुसता आवाज वाढतो, वेग वाढत नाही. एकटा असलो तर कशीबशी चढते. सुरू पहिल्या-दुसऱ्या दोरीला होते, पण हळू चालताना थरथरते.

प्लग नवे टाकले, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल ताजं आहे. शेवटी काल गेज उसनं आणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते, बघितलं. वर ११५ पीएसआय, खाली ८५. एक जण म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरव." दुसरा म्हणाला, "या वयात एवढं चालायचंच." माझा या मोटरीवर जीव आहे, मी पोहायला शिकलो त्याच्याही आधीपासून ती घरात आहे. उगाच उघडून बिघडवायची नाही आणि दुर्लक्ष करून मारायचीही नाही. तुम्ही काय कराल?

पानाबारा
आधी सांगा, मोजलं कसं? इंजिन गरम होतं का? दोन्ही प्लग काढले होते का? थ्रॉटल पूर्ण उघडा होता का? दोरी किती वेळा ओढली? गेज आट्याचं होतं की रबरी टोक दाबून धरायचं?

वल्हेकरी
इंजिन थंड. ज्याचं मोजायचं तो एकच प्लग काढला, दुसरा जागेवर. थ्रॉटलला हात लावला नाही. दोरी तीनदा ओढली. गेज रबरी टोकाचं, एका हाताने दाबून धरलं आणि दुसऱ्याने दोरी.

पानाबारा
मग ते आकडे सध्या बाजूला ठेवा. घाबरण्यासारखं काही असेलही, पण ते अजून कळलेलं नाही.

एक प्लग जागेवर असला की त्या सिलिंडरचा दाब तुमच्या हाताशी भांडतो. इंजिन सावकाश फिरतं आणि आकडा पडतो. थ्रॉटल बंद असला की इंजिनला पुरेशी हवाच मिळत नाही, मग दाबायला काय उरणार? रबरी टोक एका हाताने दाबताना हमखास थोडी गळती होते, आणि खालच्या प्लगपाशी हात नीट पोचत नाही, म्हणून तिथे जास्त होते. तुमच्या ८५ मधला बराचसा भाग तोच असू शकतो.

पुन्हा मोजताना दोन्ही प्लग काढा. पेट्रोलची नळी काढून ठेवा. गिअर न्यूट्रलला. बऱ्याच जुन्या मोटरींत न्यूट्रलमध्ये मूठ पूर्ण फिरत नाही, अडकवणारी खिट्टी असते. अशा वेळी झाकण काढून कार्ब्युरेटरच्या कांडीनेच झडप पूर्ण उघडी धरायची. चोकही उघडा. मग दोरी सलग, सारख्या जोराने, गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत ओढायची. साधारण पाच-सहा ओढ्यांत थांबतो. दोन्ही सिलिंडरना तेवढ्याच ओढ्या द्यायच्या. सगळं दोनदा करून आकडे कागदावर लिहा.

पहिल्या ओढीला काटा किती चढला तेही लिहा. धडधाकट सिलिंडर पहिल्याच ओढीला मोठी मजल मारतो. रिंगा दमलेल्या असल्या की काटा थोडा थोडा करून चढत राहतो.

शेवाळ
पानाबारांनी सगळं सांगितलं, पण सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. प्लगच्या वायरी इंजिनच्या धातूला जोडून ठेवा आणि बंद करायच्या बटणाची दोरीही काढा. मोकळ्या वायरीतून ठिणगी उडते आणि त्याच वेळी प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येत असतो. मी हे एकदाच विसरलो. भपकन जाळ झाला, भुवया गेल्या, डोळे वाचले. शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर वायर लटकती ठेवून फिरवल्याने कॉइल किंवा इग्निशनचा डबा कायमचा जाऊ शकतो.

नवशिका_नावाडी
पण चांगला आकडा म्हणजे किती? कुणी ९० म्हणतं, कुणी १२०. माझ्या छोट्या मोटरीला ७५ आहे आणि ती मस्त चालते.

सुकाणू
सगळ्या मोटरींना लागू पडेल असा आकडाच नसतो. १९५० च्या दशकातल्या कितीतरी मोटरी मुळातच कमी दाबाच्या होत्या, त्या ७०-८० वर आनंदाने चालतात. नंतरच्या टू-स्ट्रोक मोटरी बहुतेक १०० ते १३० च्या दरम्यान दिसतात. गेज बदललं की आकडा बदलतो. दोन गेजांत १० पीएसआयचा फरक मी स्वतः पाहिलाय. नळी लांब असेल आणि झडप प्लगकडच्या टोकाला नसेल तर नळीतली हवासुद्धा सिलिंडरचाच भाग होते आणि आकडा कमी येतो. सिलिंडर जितका लहान तितका फरक जास्त. उंचावरच्या तलावात होडी असेल तर दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के वजा धरायचे.

म्हणून एकाच गेजने, एकाच बैठकीत मोजलेल्या सिलिंडरांची एकमेकांशी तुलना करायची. १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर मी झोपायला जातो. वल्हेकरींचे पहिले आकडे खरे मानले तर फरक २६ टक्के होतो, तो मोठाच आहे.

आणि गेजवर तीन वेगळी मापं असतात हे ध्यानात ठेवा. १०० पीएसआय म्हणजे ६.९ बार किंवा सुमारे ७ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. मागे एका धाग्यावर "माझं कॉम्प्रेशन फक्त ८" म्हणून एक जण रडकुंडीला आले होते. त्यांचं इंजिन ठणठणीत होतं.

भरतीओहोटी
गरम इंजिनवर मोजण्याबद्दल माझी हरकत आहे. हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापलेल्या हेडमधून, तेही वर्षानुवर्षं न हललेला प्लग काढला तर त्याच्याबरोबर आटेही येतात. मी कायम थंडच मोजतो. दोन्ही सिलिंडर थंड असतील तर तुलना तशीही होतेच की.

पानाबारा
तुलना होते, पण गरम झाल्यावर रिंगा, पिस्टन आणि सिलिंडर आपापल्या खऱ्या मापाला येतात, तो आकडा जास्त बोलका. आट्यांची भीती मात्र खरी आहे. मी असं करतो: इंजिन थंड असताना प्लग पाव फेरा ढिले करून बघतो आणि पुन्हा हलके बसवतो. मग मोटर पाण्यात दहा मिनिटं चालवतो, बंद करून हेडवर हात ठेवता येईल इतकी निवू देतो आणि मग प्लग काढतो. अडकलेला प्लग असेल तर तेल सोडून रात्रभर थांबायचं, जोर करायचा नाही.

"पाण्यात" हा शब्द मुद्दाम वापरलाय. कोरडी चालवून गरम करू नका. पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र काही सेकंदांत जळतं.

भरतीओहोटी
पाव फेऱ्याची युक्ती आवडली. हरकत मागे.

दर्यावर्दी_निवृत्त
अवांतर: मोटरीचं नेमकं साल ठाऊक असलं की त्या मॉडेलचं पुस्तक शोधता येतं, म्हणून विचारतो, मॉडेल क्रमांकाची पट्टी आहे का? जॉन्सन आणि एव्हिनरूड या कंपन्यांच्या १९८० पासूनच्या मोटरींत मॉडेल क्रमांकातच साल लपलेलं असतं. इंग्रजी अक्षरं आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस अशी क्रमाने १ ते ९ आणि शेवटी ० मानायची. अगदी शेवटचं अक्षर सोडून त्याआधीची दोन बघायची. सी-डी असेल तर ८६, म्हणजे १९८६. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये आपली मोटर विकायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये त्या नावाच्या मोटरींचं उत्पादन थांबलं. तरी जुन्यांचे भाग आणि पुस्तकं अजून मिळतात, कारण एकच इंजिन वर्षानुवर्षं फारसा बदल न करता बनत राहिलं.

नवशिका_नावाडी
काका, आत्ताच उठून बघून आलो. माझी एन-आर निघाली. म्हणजे १९२४?

दर्यावर्दी_निवृत्त
एन म्हणजे २ आणि आर म्हणजे ४, म्हणजे २४. ही पद्धत १९८० नंतरची आहे, तेव्हा तुम्ही शेवटचं अक्षर सोडायला विसरलात. एक अक्षर मागे सरका.

नवशिका_नावाडी
सी-एन-आर! ८२! बरोबर, १९८२. वाचनखूण साठवली.

वल्हेकरी
माझ्या मोटरीवरची पट्टी कधीच गळून गेलीय. असो. आज सांगितल्याप्रमाणे मोजलं. आट्याचं गेज मिळालं, दोन्ही प्लग बाहेर, वायरी बांधलेल्या, झडप हाताने पूर्ण उघडी, इंजिन कोमट, सहा ओढ्या. वर ११८, खाली ९४. दुसऱ्यांदा ११८ आणि ९३. वरच्याचा काटा पहिल्या ओढीला ७० च्या पुढे, खालच्याचा जेमतेम ४०.

म्हणजे माझ्या हाताचा दोष होता, पण सगळा नव्हता.

लोखंडी_हात
२० टक्के फरक आणि पहिली ओढ मंद. रिंगा किंवा गॅस्केट. आता हेड काढाच. बोल्ट सुटले की समोर सगळं उघड. अंदाज बांधत बसण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं.

दर्यावर्दी_निवृत्त
थांबा. मोटर खाऱ्या पाण्यात चालली आहे का ते आधी विचारा. खारं पाणी बोल्ट आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये पांढरं पीठ धरतं आणि बोल्ट आत जाम होतो. मी असंच "फक्त बघू" म्हणून एक हेड उघडायला घेतलं आणि दोन बोल्ट मुळाशी तुटले. ते ड्रिलने काढून, आटे पुन्हा पाडून, मोटर परत पाण्यात जायला अख्खा मोसम गेला. आत काय निघालं? काही नाही. हेड काढायचं ते दुसरा मार्ग उरला नाही म्हणून. आणि काढायचंच असेल तर आसपासचा धातू तापवून, बोल्ट सोडण्याआधी किंचित आवळून, मग सोडायचा. बसवताना नवं गॅस्केट, मधल्या बोल्टपासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तकात दिलेल्या जोराने.

लोखंडी_हात
खाऱ्या पाण्याची असेल तर काकांचं म्हणणं मान्य. मी गोड्या पाण्यातला माणूस, माझे बोल्ट लोण्यातून निघाल्यासारखे निघतात.

वल्हेकरी
खारं पाणीच, कायम. मग तेल टाकून ओली चाचणी करू का? चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं, आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर गॅस्केट, असं वाचलंय.

सुकाणू
करा, पण निकालावर पैज लावू नका. ही चाचणी गाडीच्या इंजिनवरून आली. तिथे सिलिंडर उभा असतो, तेल पिस्टनच्या माथ्यावर पसरतं आणि रिंगांभोवती सगळीकडून बसतं. आउटबोर्डमध्ये क्रँक उभा आणि सिलिंडर आडवे. तेल जातं ते सिलिंडरच्या खालच्या भिंतीवर थारोळं करून बसतं, वरची बाजू कोरडी. त्यामुळे रिंगा खराब असूनही आकडा फारसा हलत नाही आणि माणूस गॅस्केटला दोष देत हेड उघडतो. करायचीच तर पिचकारीने, नळीचं तोंड फिरवत, चारी बाजूंनी पाच मिलिलिटरच्या आसपास तेल मारा आणि प्लग बाहेर ठेवून दोन-तीनदा फिरवा, मग मोजा.

त्याआधी फुकटचा पुरावा बघा. जुने प्लग टाकले नसतील तर ते कसे दिसतात? गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरत असेल तर तो प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख दिसतो. पेट्रोल कमी पोचत असेल तर पांढरट, कोरडा.

वल्हेकरी
जुने प्लग डब्यात आहेत. वरचा विटकरी-तपकिरी. खालचा काळा आणि ओला, बोटाला तेल लागतंय. नवे प्लग आठवडाभरच झालेत, पण खालचा आत्ताच काळवंडलाय.

सुकाणू
हे सोनं दिलंत. लख्ख नाही, पांढरा नाही, काळा आणि ओला. माझा कौल: खालच्या सिलिंडरची रिंग कार्बनने खाचेत चिकटली आहे. झिजली असेलच असं नाही. चिकटलेली रिंग भिंतीवर दाबून बसत नाही, तिच्या बाजूने दाब निसटतो आणि गेजवर ती अगदी झिजलेल्या रिंगेसारखी दिसते. फरक इतकाच की ती सोडवता येते.

खात्री करायला हेड नको. पुष्कळ जुन्या दोन सिलिंडरच्या मोटरींना सिलिंडरच्या बाजूला छोट्या बोल्टांचं एक झाकण असतं, ज्याच्या आतून ताजं मिश्रण वर जातं. ते उघडलं की फ्लायव्हील हाताने फिरवत पिस्टनची बाजू आणि रिंगा दिसतात. लाकडाच्या काडीने रिंग हलकेच दाबायची. जिवंत रिंग आत जाऊन उसळून बाहेर येते, चिकटलेली ढिम्म राहते. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे कार्बन काढून भागत नाही, सिलिंडर घासून मोठा पिस्टन घालण्यापर्यंत जावं लागतं.

शेवाळ
असं झाकण नसलं तर प्लगच्या भोकातून घालायचा छोटा कॅमेरा वापरा. रिंग दिसणार नाही, पण भिंतीवरचे ओरखडे दिसतील.

भरतीओहोटी
ज्यांच्याकडे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड आहे त्यांनी वरचे आकडे आपल्याला लावू नयेत. बऱ्याच फोर-स्ट्रोकमध्ये दोरी हलकी जावी म्हणून सुरू करताना एक झडप मुद्दाम थोडी उघडी ठेवणारी यंत्रणा असते. चांगल्या इंजिनवरही गेज खूप कमी दाखवतं. तिथे बाहेरून हवा भरून गळती ऐकायची चाचणी बरी: सायलेन्सरकडून फुसफुस आली तर एक्झॉस्ट झडप, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर मधलं गॅस्केट.

वल्हेकरी
झाकण आहे! सहा छोटे बोल्ट, तापवून-तापवून तीन संध्याकाळी लागल्या, एकही तुटला नाही. वरच्या सिलिंडरच्या दोन्ही रिंगा उसळतात. खालच्याची वरची रिंग अर्ध्या भागात दगड झालीय, काळ्या लाखेने बसवल्यासारखी. ओरखडे नाहीत. सुकाणू, तुम्हाला दंडवत.

पानाबारा
वा! आता कार्बन काढायचा फेस मिळतो तो आणा. नवं गॅस्केट घालून झाकण लावा. फ्लायव्हील फिरवून पिस्टन अशा जागी आणा की बाहेर जायचं तोंड झाकलं जाईल, म्हणजे फेस वाहून जाणार नाही. प्लगच्या भोकातून भरपूर मारा, रात्रभर ठेवा, मधे एक-दोनदा किंचित फिरवा. सकाळी प्लग लावण्याआधी भोकावर फडकं धरून दोरी ओढा आणि सगळं द्रव बाहेर काढा. आत द्रव राहून प्लग लावला आणि स्टार्टर मारला तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग उघड्या पाण्यात, लोकांपासून दूर, जोरात चालवा. धूर इतका होईल की लोक मदतीला येतील. नंतर प्लग बदला.

आणि एकदा करून थांबू नका. पस्तीस वर्षांचा कार्बन एका रात्रीत सुटत नाही.

वल्हेकरी
पहिल्या खेपेनंतर ११८ आणि १०१. दुसऱ्या खेपेनंतर ११८ आणि १०७. शेजारच्या होडीवाल्याने खरंच हाक मारून विचारलं, आग लागली का म्हणून. काल दोघं बसून गेलो, होडी पाण्यावर चढली. पूर्वीसारखी झटकन नाही, पण चढली. किती बरं वाटलं सांगता येत नाही.

लोखंडी_हात
अभिनंदन! ९ टक्के फरक. हेड उतरवायचा माझा सल्ला न ऐकल्याबद्दल विशेष अभिनंदन.

सुकाणू
आनंद आहे, पण धागा इथे संपवू नका. एकच सिलिंडर का काजळला? तेल दोन्हींना एकाच पेट्रोलमधून जातं. तेल जास्त पडत असतं तर दोन्ही काळे झाले असते. पेट्रोल-तेलाची जोड किती धरता?

वल्हेकरी
पन्नासास एक, लिटरला २० मिली. वडील म्हणायचे, पोटभर तेल असावं, म्हणून कधीकधी २५ ही घातलंय.

दर्यावर्दी_निवृत्त
वडिलांच्या आधीच्या मोटरीला ते बरोबर असेल. कितीतरी जुन्या मोटरींना चोविसास एक लागायचं, लिटरला ४२ मिलीच्या आसपास. तुमच्या मोटरीला पुस्तकात जे असेल तेच घाला. पण सुकाणूंचा मुद्दा बरोबर, २५ मिलीने एकच सिलिंडर चिकटत नाही.

शेवाळ
ठिणगी तपासलीत का? प्लग नवे टाकले म्हणजे ठिणगी चांगली असं नसतं. खालच्याला ठिणगी अशक्त असेल तर मिश्रण नीट जळत नाही, तेल ओलं राहतं, काजळी धरते, रिंग चिकटते. अंतर ठरवता येणारा टेस्टर लावा. निरोगी इलेक्ट्रॉनिक इग्निशनची ठिणगी मोकळ्या हवेत १० मिलिमीटर तरी निळी, कडक उडी मारते.

वल्हेकरी
आत्ता केलं. वरची १० मिलिमीटरवर निळी, टकटक वाजते. खालची ५ च्या पुढे जात नाही, पिवळसर. मग दोन्ही कॉइल अदलाबदल केल्या. तरीही खालचीच अशक्त. प्लगची टोपी वायरीवरून ओढून काढली तर आतली स्प्रिंग हिरवी पडून अर्धी गळालेली. वायरीचं टोकही तसंच. टोक कापून मागे ताजी तार काढली, वरच्या सिलिंडरची टोपी खालच्या वायरीला लावून बघितली. १० मिलिमीटरवर निळी.

म्हणजे कॉम्प्रेशन गेलं म्हणून मोटर अशक्त झाली असं मी समजत होतो. ठिणगी आधी गेली होती, कॉम्प्रेशन तिच्या मागोमाग गेलं.

पानाबारा
दोन्ही टोप्या नव्या घाला, एकच नको. आणि दहा-बारा तास चालवून पुन्हा मोजा, त्याच गेजने. उरलासुरला कार्बन आता इंजिन स्वतः काढेल.

नवशिका_नावाडी
माझ्या ७५ बद्दल कुणीच काही म्हणालं नाही. दोन सिलिंडर आहेत, ७५ आणि ७४.

सुकाणू
झोपा निवांत.

वल्हेकरी
धागा वर काढतोय. टोप्या बदलून चौदा तास चालवली. ११८ आणि ११२. खालचा प्लग तपकिरी. काल तिघं बसलो होतो.